टेबलामागे बसणाऱ्याचा वेळ

नवं सॉफ्टवेअर आलं की काम भराभर होतं, हे आपण इतकं धरून चाललोय की ते खरंच होतं का, हे मोजायला कुणी जात नाही. दुकानात, बँकेत, शाळेत नवी प्रणाली येते, फीत कापली जाते, फोटो निघतात. ज्याने ती घेतली तो खूश, ज्याने विकली तो त्याहून खूश. दिवसभर तिच्यासमोर बसणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच, तर त्याच्या तक्रारीवर ‘सवय होईल’ हे उत्तर तयारच असतं.

मी नाशकात छोट्या व्यापाऱ्यांचे आणि कारखानदारांचे हिशेब बघतो, त्यांची विवरणपत्रं भरतो. जुन्या आणि नव्या, दोन्ही तऱ्हेच्या सॉफ्टवेअरवर बसणारी माणसं रोज डोळ्यांसमोर असतात. त्यावरून माझं मत असं झालंय, की एकच काम दिवसातून शंभरदा करणाऱ्या माणसाचा हात नव्या सॉफ्टवेअरने जलद केलेला नाही, पुष्कळदा जडच केलाय. फायदा झालेला आहे आणि तो मोठा आहे. पण तो टेबलाच्या पलीकडच्या माणसाला झाला, आणि पावती फाडली गेली ती अलीकडच्याच्या नावाने.

रविवार कारंजावरून मेन रोडकडे निघालं की वाटेत कितीतरी जुनी दुकानं लागतात. अशा एखाद्या दुकानाच्या माडीवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसलेल्या माणसाकडे पाच मिनिटं बघत राहावं. डाव्या हाताखाली बिलांचा गठ्ठा, उजवा हात नंबरपॅडवर. एफ ९ दाबलं की खरेदीचं व्हाउचर. तारीख, एंटर. पार्टीच्या नावाची पहिली तीन अक्षरं, एंटर. माल, नग, भाव, एंटर, एंटर, कंट्रोल ए. डोळे सगळा वेळ कागदावर. मान पडद्याकडे वळते ती फक्त शेवटची बेरीज बिलाशी जुळते का हे बघायला. मध्येच कुणी काही विचारलं तर तोंडाने उत्तर जातं, बोटं चालूच.

टॅलीची सुरुवात १९८६ साली बेंगळुरूत झाली. त्याआधीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला कोड नंबर द्यावा लागे. टॅलीने तो काढून टाकला आणि सरळ खात्याचं नाव लिहायला दिलं. तेव्हा तेही नवंच होतं, पण बसणाऱ्याच्या सोयीचं नवं होतं. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी ही बटणं वर्षानुवर्षं जागची हललेली नाहीत. म्हणून वीस वर्षांपूर्वी क्लास लावून टॅली शिकलेली बाई आजही कुठल्याही दुकानात जाऊन पहिल्या दिवसापासून काम काढते.

आता हेच बिल ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एखाद्या क्लाउड प्रोग्रॅममध्ये टाकून बघा. पडदा देखणा, भरपूर मोकळी जागा, गोल कोपऱ्यांची बटणं. पण पार्टीचं नाव टाकलं की यादी उघडेपर्यंत चक्र फिरत राहतं. यादीतून माउसने निवडा, हात पुन्हा कीबोर्डवर आणा, भाव टाका, मग परत माउस, कारण ‘सेव्ह’ कुठेतरी खाली दडलेलं असतं. बिलामागे वीस सेकंद जास्त गेली असं धरा. दिवसाला दीडशे बिलं असतील तर पन्नास मिनिटं झाली. माझ्या एका ग्राहकाने मुलाच्या आग्रहाखातर असा एक प्रोग्रॅम घेतला. आता शेठना गावाला गेल्यावरही मोबाइलवर उधारी दिसते, आणि ते त्यांना फार आवडलंय. माडीवरची ताई मात्र संध्याकाळी पूर्वीपेक्षा उशिरा सुटते. परवा शेठ कौतुकाने म्हणाले, ‘ताई, किती सोपं झालंय नाही आता!’ ताई म्हणाली, ‘हो ना शेठ, बघायला सोपं झालंय.’

दोघांचंही खरं आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या ‘बघायला’मध्ये आहे.

हे जुन्याचं उगाच कौतुक नव्हे. पास्कल ही संगणकभाषा तयार करणारे निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय, की हार्डवेअर ज्या वेगाने जलद होतंय त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर संथ होतंय. २०१७ मध्ये डॅन लू नावाच्या अभियंत्याने बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंतचा वेळ जुन्यानव्या संगणकांवर मोजला. १९८३ च्या ॲपल टू-ई ला सुमारे ३० मिलिसेकंद लागत होते. अलीकडची कितीतरी यंत्रं १०० च्या पुढे गेली. एका अक्षराला एवढा फरक कुणाला कळणार, असं वाटेल. पण हाताला कळतो. पडदा मागे पडतोय असं वाटलं की माणूस थांबून पडद्याकडे बघतो, आणि एकदा बघत बघत टाइप करायला लागला की त्याचा वेग संपला.

बरं, सेकंदांचं सोडा. पूर्वी कीर्द-खतावणी लिहायला मेहताजी आणि त्यांच्या हाताखाली दोन पोरं लागायची. आता एकच माणूस सगळं करतो, त्याचं काय? खरंय. पण ती मोठी झेप जुन्याच सॉफ्टवेअरने घेतली होती. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे आकडेमोडीच्या तक्त्याचं, आजच्या एक्सेलसारखं सॉफ्टवेअर आलं आणि एक आकडा बदलला की खालच्या सगळ्या बेरजा आपोआप बदलायला लागल्या. टॅलीसारख्या प्रोग्रॅमने व्हाउचर टाकलं की खतावणी आणि ताळेबंद आपसूक तयार करून दिला. तेव्हा वाचले ते तास होते. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी वाचवली ती मिनिटं, आणि ती मिनिटंही दुसऱ्याच एका कामाने खाल्ली.

ते काम कुठून आलं ते सांगतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला. सुरुवातीच्या काळात त्याच्या विवरणपत्रात मुख्यतः बेरजा जायच्या: एवढी विक्री, एवढी खरेदी, एवढा कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचं एकेक बिल पोर्टलवर चढवायची वेळ आली. २०१८ मध्ये पन्नास हजारांवरच्या मालाच्या वाहतुकीला ई-वे बिल हा ऑनलाइन परवाना आला. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवणं, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झालं आणि उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींपर्यंत खाली आलं. आणि २०२२ पासून, विकणाऱ्याने त्याचं बिल चढवलं नसेल आणि ते तुमच्या टू-बीत, म्हणजे पोर्टलने दर महिन्याला काढलेल्या तुमच्या खरेदीच्या यादीत, दिसत नसेल, तर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही.

त्यामुळे दर महिन्याच्या १४ तारखेनंतर नाशकातल्या हजारो टेबलांवर एक नवीनच उद्योग चालतो. टू-बी डाउनलोड करायची, एक्सेलमध्ये आपल्या खरेदीशेजारी लावायची, आणि जे बिल जुळत नाही त्याच्या मालकाला फोन लावायचा. ‘अहो, तुमचं ४७२ नंबरचं बिल दिसत नाहीये.’ समोरचा म्हणतो, ‘आमचे अकाउंटंट सुट्टीवर आहेत.’ बिलाच्या नंबरात मध्ये तिरकी रेघ टाकली की आडवी, एवढ्यावरून दोन्हीकडचं जुळत नाही. मग परत फोन. वीस तारखेच्या आत हे उरकायचं. व्हॅटच्या पहिल्या काळात दर महिन्याची ही जुळवाजुळव कुणी करत नव्हतं. आज एखाद्या मध्यम दुकानाच्या अकाउंटंटचा महिन्याचा चांगला भाग तिच्यात जातो. जानेवारी २०२५ मध्ये तर खुद्द पोर्टलच आडवं झालं, आणि सरकारला मुदत दोन दिवस वाढवावी लागली. तेवढा वेळ बिलं तयार असूनही सगळे हात बांधून बसले होते.

यावरचा ठरलेला आक्षेप असा, की हा कायद्याचा ताप आहे, त्यात सॉफ्टवेअरचा काय दोष? मला तो पटत नाही. कागदाच्या जमान्यात देशातल्या प्रत्येक व्यापाऱ्याचं प्रत्येक बिल दर महिन्याला मागवायची कुठल्याच सरकारची छाती झाली नसती. ठेवायला गोदामं पुरली नसती, वाचायला माणसं. मागणाऱ्याला माहिती फुकटात पडायला लागली म्हणून तो मागायला लागला. देणाऱ्याला ती फुकटात पडत नाही, एवढंच हिशेबातून राहून गेलं. सरकारचा फायदा झाला का? झाला. २०२४-२५ मध्ये जीएसटीचं ढोबळ संकलन २२ लाख कोटींच्या वर गेलं, आणि खोटी बिलं पकडणं सोपं झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. बहुतेक राज्यांनी सीमेवरचे करतपासणी नाके काढले, ट्रकवाल्याचा वेळ वाचला. माडीवरच्या ताईचा वाचला नाही, तो खर्ची पडला.

सरकारी कामात हे अधिक उघडं दिसतं. केंद्राने मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर ॲप आणलं. मुलाचं वजन करायचं, उंची मोजायची, आहार दिला का ते लिहायचं, हे काम सेविका आधीपासून रजिस्टरमध्ये करतच होत्या. ॲप आलं म्हणून काट्यावर मूल लवकर स्थिर बसायला लागलं नाही. उलट नोंद करायची जागा वाढली. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. फोन जुने, सारखे अडकणारे, आणि ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. वरच्या कार्यालयात बसलेल्याला मात्र जिल्ह्याचा नकाशा रंगीत दिसणार होता. प्राथमिक शिक्षकांना विचारा, तेही हेच सांगतील. ‘ऑनलाइन कामं’ हा शब्द शाळेत उच्चारला तरी चेहरे उतरतात.

इथवर वाचून मी जुन्याचा कैवारी आहे असं वाटेल. छपाईच्या दुकानात गेलं की तो कैवार निम्मा गळून पडतो.

पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं छापणाऱ्या कितीतरी दुकानांत अजून पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर चालतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यावर श्रीलिपीचे फॉन्ट, आणि ऑपरेटरचा हात असा बसलेला की ‘श्री गजानन प्रसन्न’पासून ‘आपले नम्र’पर्यंत लग्नपत्रिका बघता बघता लागते. मोठ्या संस्थेच्या नव्या डिझाइन सॉफ्टवेअरवर बसलेला मुलगा त्याच्यापुढे पाणी भरेल. पण हल्ली मजकूर कागदावर येत नाही, व्हॉट्सॲपवर येतो, आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या जगभर एकच असलेल्या पद्धतीत असतो. तो पेजमेकरमध्ये चिकटवला की पानभर चौकोन. मग कन्व्हर्टरमधून काढायचा. त्यातून निघताना पहिली वेलांटी कधी एक घर सरकते, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. कुऱ्हाडे किंवा वऱ्हाडे यांच्या घरचं कार्य असलं की ऑपरेटर आधीच कपाळाला हात लावतो. प्रूफ दोनदा वाचावं लागतं, आणि तरी मुलीच्या मामांचं नाव चुकतंच.

म्हणजे दुकानाच्या आत जुनं सॉफ्टवेअर वाघ होतं. उंबऱ्याबाहेर त्याने लिहिलेलं मराठी मुकं. फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर ते उघडत नसे, त्यात शब्द शोधता येत नसे, ते कुणाला पाठवता येत नसे. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या, १९९१ च्या आवृत्तीपासून आहे. विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली. त्यानंतर हळूहळू नाशकात लिहिलेलं मराठी जगात कुठेही, कुठल्याही फोनवर, जसंच्या तसं उघडायला लागलं. हे काम जुन्या सॉफ्टवेअरला जमणारंच नव्हतं, ऑपरेटरचा हात कितीही चालो.

द्राक्षांचंही तसंच. दिंडोरी-निफाडकडच्या बागेत छाटणी, विरळणी, घड काढणं ही कामं आजही कात्रीने आणि हातानेच होतात. कुठल्याही ॲपने एक घड लवकर कापून दिलेला नाही. पण युरोपात माल जायचा तर बागेची नोंदणी, प्लॉटचा नंबर, औषधांच्या उर्वरित अंशाचा प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर हे सगळं एका साखळीत लागतं, आणि ती साखळी अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या प्रणालीने २००६ च्या सुमारास बांधून दिली. युरोपातल्या दुकानातली पेटी उलट मागे निफाडच्या कुठल्या प्लॉटवर जाते, हे त्यावर सापडतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडले, तेव्हा इकडच्या बागाईतदारांना बसलेला फटका अजून कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर तपासणी कडक झाली आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. इथेही रकाने भरावेच लागतात, कटकट आहेच. पण रकाने भरणाऱ्याला त्याचा भाव मिळतो, निर्यातीचा भाव. हिशेबाच्या टेबलावर नेमकं हेच होत नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, तिथेही द्राक्षांसारखंच: तलाठ्याकडे मारायच्या चकरा ज्याच्या वाचल्या, तोच बटण दाबतो.

तेव्हा नवं सॉफ्टवेअर दोन टेबलं जोडण्यात पुढे आहे, एका टेबलावरचं काम करण्यात नाही. आणि जोडलेल्या दोन टोकांपैकी कुणाला लाभ व्हायचा, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते विकत घेणारा ठरवतो. रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये, नोबेल मिळालं त्याच वर्षी, टोमणा मारला होता की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. नंतर १९९५ पासून दहाएक वर्षं अमेरिकेत ते दिसलं, मग पुन्हा मंदावलं. गंमत अशी, की स्मार्टफोन आणि क्लाउड घराघरांत आले ते या मंदावलेल्या काळात.

जुनं सॉफ्टवेअर बसणाऱ्याच्या बाजूचं का होतं? ते बनवणारे काही संत नव्हते. सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की तुमचं होई. पुढची आवृत्ती खपवायची तर ती खरंच चांगली असावी लागे, नाहीतर गिऱ्हाईक जुन्यावरच बसून राही, पेजमेकरवाला बसलाय तसा. २०१३ मध्ये ॲडोबीने आपली मोठी सॉफ्टवेअरं फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली, २०१६ मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कनेही नवीन कायमचे परवाने विकणं बंद केलं, आणि बाकीचे त्याच वाटेने गेले. आता पैसे दरवर्षी येणारच. पण ते कशाचे, हे दाखवायला काहीतरी हलवत राहावं लागतं. म्हणून सोमवारी सकाळी बटण वेगळ्या जागी सापडतं. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि टॅलीपुरता ठणठणीत चालणारा संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाही म्हणून बदलायची वेळ आली. त्यातून व्हाउचर एक सेकंदही लवकर पडत नाही.

नाशकातल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ही चैन चालत नाही. संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर फॅनक कंपनीचा कंट्रोलर असतो. आज्ञांचे जी-कोड, एम-कोड तेच, एम ३० म्हणजे प्रोग्रॅम संपला, हे पन्नाशीतल्या ऑपरेटरलाही माहीत आणि आयटीआयमधून काल आलेल्या पोरालाही. तिथे रातोरात पडदा बदलला तर टूल जॉबमध्ये घुसेल, प्रसंगी बोट जाईल. म्हणून कुणी बदलत नाही. त्याच कारखान्याच्या ऑफिसात मात्र कॅमचं, म्हणजे चित्रावरून मशीनचा कोड आपोआप काढणारं, अद्ययावत सॉफ्टवेअर असतं, कारण साच्याची वाकडीतिकडी वळणं हाताने कोड लिहून काढायची म्हणजे आठवडे गेले असते. नवं कुठे आणायचं आणि जुनं कुठे जपायचं, याची ही समज कारखान्याला आहे. कार्यालयांना का नसावी? कारण कार्यालयात वाया जातो तो फक्त कारकुनाचा वेळ, आणि त्याचं स्क्रॅप दिसत नाही.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. गर्दी, पार्किंग, सफाई, आरोग्य, हरवले-सापडले, प्रत्येकासाठी ॲप आणि डॅशबोर्ड येणार, आणि ते मंत्र्यांना मोठ्या पडद्यावर दाखवले जाणार. दाखवू देत. पण हरवले-सापडलेच्या तंबूत बसणारी मुलगी रडणाऱ्या बाईकडून नाव, गाव, लुगड्याचा रंग विचारून घेत असेल, तेव्हा तिच्यापुढे लाल चांदणीचे, भरावेच लागणारे, किती रकाने असतील आणि पिनकोड टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेल का, हे आत्ताच ठरतंय. निविदेत एक अट घालावी. पैसे चुकते करण्याआधी त्या तंबूत खरोखर बसणाऱ्या माणसाने, कंपनीच्या माणसाने नव्हे, शंभर नोंदी मराठीत आणि हिंदीत करून दाखवाव्यात. शेजारी दुसऱ्याने त्याच शंभर नोंदी वहीत कराव्यात. मध्ये अर्धा तास नेट बंद ठेवावं, कारण पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर ते बंद असणारच. दोघांना लागलेला वेळ लिहून ठेवावा. त्यात वही जिंकली तर तंबूत वही ठेवावी, आणि तिच्यातल्या नोंदी मागच्या खोलीत एकाने बसून संगणकात चढवाव्यात.